सरकारी अधिकाऱ्याची चौकशी आणि पुढाऱ्याचा फोन : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महसूल खात्यात माझी ३१ वर्षं गेली. खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, बेळगाव असा फिरलो. त्यात सात विभागीय चौकशांत सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याची बाजू मांडणारा, म्हणून काम केलं, आणि निवृत्तीनंतर चार चौकशांत आरोप असलेल्या कर्मचाऱ्याचा मदतनीस म्हणून दुसऱ्या बाजूलाही बसलो. आता रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. कुणी तक्रारदार असतो, कुणी चौकशी अंगावर आलेला कारकून, कधी चौकशी करायला नेमलेला तरुण अधिकारी. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय.

तक्रार मराठीत लिहिली तर घेतात का? कन्नडमध्येच द्या म्हणून परत पाठवतात.

घ्यायलाच हवी. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. कचेरीच्या टपाल विभागातला कारकून अर्ज परत ढकलू लागला तर भांडू नका. पोस्टात जा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पोस्टाने आलेला अर्ज आवक नोंदवहीत चढतोच.

मात्र माझा अनुभव असा की मराठी अर्जाला एक पानाचा कन्नड सारांश जोडला तर अर्ज टेबलावरून लवकर हलतो. फाइल ज्याने पुढे न्यायची त्या शिरस्तेदाराला वाचता आली पाहिजे. हक्क सोडायचा नाही, पण कामही अडवून घ्यायचं नाही. उत्तर बहुधा कन्नडमध्येच येतं. त्यावर ‘हिंबरह’ असा शब्द दिसला की समजा, तुमच्या अर्जावरचा तो लेखी निर्णय आहे. पुष्कळ लोक तो कागद न वाचता पिशवीत टाकतात आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे आणतात, तोवर अपिलाची मुदत गेलेली असते.

माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, असं स्पष्ट आहे. कन्नड लिहिता येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. लिपी आपलीच आहे आणि अर्ज नाकारता येत नाही.

तक्रार नेमकी कुणाकडे करायची? डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे), लोकायुक्तांकडे, की पोलिसांकडे?

आधी ठरवा की तुम्हाला काय हवंय. काम अडलंय आणि ते व्हायला हवंय, की अधिकाऱ्याच्या वागण्याची चौकशी व्हायला हवीय? दोन्ही एका अर्जात कोंबलं की अधिकारी तुमचं काम तेवढं करून टाकतो आणि ‘तक्रार निकाली’ असा शेरा मारून मोकळा होतो. वारसा नोंद, पोडी (जमिनीचे हिस्से मोजून वेगळे करणं), उतारा असली कामं सकाल कायद्यात, म्हणजे ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकाच्या कायद्यात, बसतात. तिथे ठरलेल्या मुदतीनंतर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. रक्कम किरकोळ आहे, पण उशिराची नोंद त्या कर्मचाऱ्याच्या नावावर बसते.

वागणुकीची तक्रार खात्याच्या वरिष्ठांकडे करता येते. तलाठ्याविरुद्ध असेल तर तहसीलदार किंवा एसी (प्रांताधिकारी), पीडीओविरुद्ध (ग्रामपंचायत विकास अधिकाऱ्याविरुद्ध) असेल तर झेडपीचे सीईओ. अडचण अशी की तालुक्यातले पुढारी आणि खात्याचे वरिष्ठ रोज एकमेकांच्या समोर येतात. म्हणून प्रकरण गंभीर असेल तर लोकायुक्तांचा रस्ता धरा, असं मी सांगतो.

कर्नाटक लोकायुक्त कायदा १९८४ चा. तक्रार ठरलेल्या नमुन्यात करायची, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. आरोपाची तक्रार घटनेपासून ५ वर्षांच्या आत आणि नुसतं गाऱ्हाणं असेल तर ते कळल्यापासून ६ महिन्यांच्या आत. आरोपात तथ्य आढळलं तर अहवाल सरकारकडे जातो आणि त्यावर काय केलं ते सरकारने ३ महिन्यांत कळवायचं असतं. लोकायुक्तांचं समाधान झालं नाही तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो विधिमंडळापुढे येतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सरकारी नोकरांच्या १९५७ च्या शिस्त नियमांत १४-अ हा नियम आहे. त्याखाली सरकार विभागीय चौकशीच लोकायुक्त किंवा उपलोकायुक्तांकडे सोपवू शकतं. तसं झालं की चौकशी तालुक्याच्या हवेतून बाहेर निघते. स्थानिक दबाव मोडायला याहून चांगलं हत्यार मी पाहिलेलं नाही. म्हणून अर्जात तशी विनंती स्पष्ट शब्दांत करा.

लोकायुक्तांचे पोलीस म्हणजे वेगळे का? मधे एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक शाखा) होती, ती कुठे गेली?

लोकायुक्तांकडे दोन हात आहेत. एक चौकशीचा, दुसरा पोलिसांचा. लाच, बेहिशेबी मालमत्ता असले गुन्हे पोलीस शाखा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवते. २०१६ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने हे काम काढून एसीबीला दिलं. एसीबी सरकारच्या हाताखालची होती. २०२२ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एच. पी. संदेश यांनी एका लाचेच्या प्रकरणात एसीबीवर ताशेरे ओढले. त्यानंतर आपल्याला बदलीची अप्रत्यक्ष धमकी मिळाल्याचं त्यांनी भर न्यायालयात सांगितलं. ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने एसीबीच रद्द केली आणि प्रकरणं लोकायुक्त पोलिसांकडे परत आली. न्यायमूर्तींपर्यंत हात पोचवायचा प्रयत्न होतो, तिथे तालुक्याच्या चौकशी अधिकाऱ्याची काय कथा! पण त्यांनी ते लपवलं नाही, मोठ्याने सांगितलं. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच.

बेळगावात लोकायुक्त पोलिसांचं एसपी कार्यालय आहे, बेंगळूरला जावं लागत नाही.

तक्रारीत काय लिहू? साहेब मराठी माणसांना मुद्दाम त्रास देतो, हेच तर खरं आहे.

खरं असेलही. तरी पहिल्या परिच्छेदात ते लिहू नका.

आपल्या भागात एखाद्या अधिकाऱ्यावर तक्रार झाली की दुसऱ्या दिवशी तिला कन्नड-मराठीचा रंग चढतो. तक्रारदार मराठी आणि अधिकारी कन्नड असेल तर एक संघटना त्याच्या समर्थनाला उभी राहते. उलट असेल तर दुसरी. लबाड अधिकाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. पैसे खाल्ल्याचा आरोप बाजूला पडतो, भाषेवरून मोर्चा निघतो आणि वरिष्ठ ‘कायदा व सुव्यवस्था’ म्हणत फाइल बंद करतात. हे मी एकदा अगदी जवळून पाहिलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर पडलेल्या घरांची पाहणी झाली. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये मिळणार होते, त्यामुळे कोणतं घर कुठल्या गटात घातलं याला सोन्याचं मोल आलं. एका गावात उभी घरं पडलेली दाखवली आणि पडलेली घरं किरकोळ नुकसानीत घातली. तक्रारीवर १४० सह्या होत्या. पण तिच्या पहिल्याच ओळीत भाषेचा मुद्दा होता, आणि चौकशी अखेरपर्यंत त्याच ओळीभोवती फिरली. शेवटी त्याच गावातल्या एका कन्नड शेतकऱ्याने आणि एका मराठी विधवेने मिळून दुसरा अर्ज दिला. त्यात फक्त घर क्रमांक, फोटो, पाहणीची तारीख आणि पंचनाम्यावरची सही होती. तो अर्ज टिकला.

म्हणून काय घडलं, कधी, कुठे, कुणासमोर, कोणत्या कागदावर, एवढंच लिहा. ज्या कागदाच्या आधारे म्हणताय त्याची प्रत जोडा. भेदभाव झाला असं म्हणायचं असेल तर तोही तसाच दाखवा. तुमचा अर्ज अमुक तारखेचा असून पडून राहिला आणि नंतर आलेला तमुक अर्ज आठ दिवसांत निघाला, असं लिहा. वाचणारा भेदभाव आपोआप पाहील. ‘सगळे जाणतात’, ‘गावभर चर्चा आहे’ असली वाक्यं काढून टाका. निनावी अर्ज तर करूच नका, कारण त्याची दखल सहसा घेतली जात नाही आणि खऱ्या तक्रारीचीही पत जाते. खोटी तक्रार हा लोकायुक्त कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आमदारांचं पत्र जोडलं तर वजन वाढेल का?

आमदारांनी ‘या तक्रारीचं काय झालं ते कळवावं’ असं लेखी विचारणं हे त्यांचं कामच आहे. हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये (इथल्या विधानभवनात) भरतं तेव्हा त्यांनी सभागृहात प्रश्न विचारला तर उत्तम. सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीवर राहतं.

पण ‘सदर अधिकाऱ्यास तात्काळ निलंबित करावे’ असं पत्र जोडाल तर तुम्हीच त्या अधिकाऱ्याच्या हाती बचाव देता. उद्या तो न्यायाधिकरणात जाऊन म्हणेल, माझ्यावरची कारवाई राजकीय आहे, हे बघा पत्र. आणि सुटेल. माझ्यासमोर असं दोनदा झालंय.

मी चौकशी अधिकारी आहे. नेमणुकीचा आदेश आल्या दिवसापासून फोन सुरू झालेत. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून उत्तर लांब आहे.

पहिल्यांदा हे मनात पक्कं करा की तुम्ही खात्याचे वकील नाही, पुढाऱ्याचे नाही आणि तक्रारदाराचेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध सरोजकुमार सिन्हा या प्रकरणात हेच म्हटलंय. चौकशी अधिकारी हा स्वतंत्र निवाडा करणारा असतो, खात्याचा प्रतिनिधी नव्हे. फोनवर बोलणाऱ्याला हे वाक्य शांतपणे ऐकवता येतं. ‘दादा, मी निवाड्याच्या खुर्चीत आहे, या विषयावर बोलता येणार नाही. काही सांगायचं असेल तर लेखी द्या, फाइलला लावतो.’ बहुतेक फोन इथेच थांबतात, कारण लेखी कुणालाच द्यायचं नसतं.

फोन आला त्याच दिवशी टिपण करा. तारीख, वेळ, कुणाचा फोन, काय बोलणं झालं, तुम्ही काय म्हणालात. शेरेबाजी नको, फक्त घटना. दबाव वाढला तर ज्यांनी तुम्हाला नेमलं त्यांना चार ओळींचं गोपनीय पत्र पाठवा आणि त्याची पोच घ्या. पुढे कुणी तुमच्यावरच पक्षपाताचा आरोप केला तर ही चार ओळींची पोच तुमचं रक्षण करेल.

सुनावणी कचेरीतच घ्या, ठरलेल्या वेळी. प्रवासी मंदिरात (सरकारी विश्रामगृहात), कुणाच्या घरी, कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर कुणालाही भेटू नका, चहालासुद्धा नाही. प्रत्येक तारखेचा रोजनामा त्याच दिवशी लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि प्रत त्यांच्या हातात द्या. प्रत दोन्ही घरी गेली की नंतर पान बदलता येत नाही. आरोपीशी किंवा तक्रारदाराशी तुमचं नातं, व्यवहार, जुनं भांडण असेल तर आधीच लिहून कळवा आणि बाजूला व्हा. आपल्याकडे सोयरीक तालुकाभर पसरलेली असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवलं तर मात्र चौकशीच फुकट जाते.

कागद दाखल झाला म्हणजे सिद्ध झाला, असं समजू नका. रूपसिंग नेगी प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागद साक्षीदारामार्फत शाबित व्हावा लागतो. पंचनाम्यावर सही करणाऱ्याला बोलवा, त्याची उलटतपासणी होऊ द्या. दबावाखाली घाईघाईने उरकलेल्या चौकशा नेमक्या इथे पडतात. आणि कधी कधी त्या पडाव्यात म्हणूनच घाई करायला लावलेली असते. ‘आठवड्यात अहवाल द्या’ असं पुढारी म्हणतो तेव्हा त्याला अधिकाऱ्याला शिक्षा हवी असेलच असं नाही.

अहवालात प्रत्येक आरोप वेगळा घ्या. त्यावर पुरावा काय, बचाव काय, तुम्ही कुणावर विश्वास ठेवला आणि का, ते लिहा. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचा तोल कुठे झुकतो ते पाहायचं असतं. पण दोषारोपपत्रात नसलेला आरोप अहवालात घुसडू नका.

आणि वरिष्ठ म्हणाले, ‘निष्कर्ष जरा बदला’? बदलू नका. त्यांना तुमचा निष्कर्ष मान्य नसेल तर असहमतीची कारणं त्यांनी स्वतः लिहावीत, ती कर्मचाऱ्याला द्यावीत आणि त्याचं म्हणणं ऐकून मगच निर्णय घ्यावा, असा कुंजबिहारी मिश्रा प्रकरणातला १९९८ चा निकाल आहे. म्हणजे बदल करायचा मार्ग त्यांना उघडा आहे, त्यांच्या सहीने. तुमच्या सहीने का?

तोंडी आदेश आला तर?

टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेशाची लेखी नोंद असावी. तोंडी सूचना आली की फाइलवर लिहा : ‘अमुक यांनी आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार पुष्टीसाठी सादर.’ फाइल वर गेली की सूचना देणाऱ्याला एकतर सही करावी लागते, नाहीतर सूचना मागे घ्यावी लागते. मी नोकरीत हे अनेकदा केलं. दोनदा बदली झाली, हेही खरं सांगतो. पण एकदाही मेमो मिळाला नाही.

साहेब सस्पेंड झाले! म्हणजे आता शिक्षा झालीच ना?

नाही. निलंबन ही शिक्षा नाही. आदेशावर ‘अमानतु’ असा शब्द दिसतो आणि लोक पेढे वाटतात. चौकशीत ढवळाढवळ होऊ नये म्हणून माणसाला खुर्चीपासून दूर ठेवलेलं असतं, एवढंच. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यू वंटमुरीत एका महिलेची विटंबना झाली तेव्हा अधिवेशन बेळगावातच चालू होतं. सगळीकडून आवाज उठला आणि काकती पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाला निलंबित केलं गेलं. पण त्या प्रकरणाला खरी धार आली ती उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारकडे जाब मागितल्यामुळे. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, आपल्या निपाणीत जन्मलेले. निलंबनाची बातमी एका दिवसाची असते, न्यायालय पुन्हा पुन्हा तारीख देऊन विचारतं.

तुम्ही तक्रारदार असाल तर निलंबनानंतरचे ३ महिने डोळ्यांत तेल घालून बघा. अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तेवढ्या काळात दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवू नये. दबाव असेल तिथे दोषारोपपत्र मुद्दाम लांबवतात आणि माणूस हार घालून परत येतो. म्हणून दुसऱ्या महिन्यातच लेखी विचारा की दोषारोपपत्र बजावलं का.

बदली करून प्रकरण मिटवलं. हे बरोबर आहे का?

साफ चूक आहे, दोन्ही बाजूंनी. दोषी माणूस खानापूरहून रामदुर्गला गेला तर रामदुर्गच्या लोकांनी काय पाप केलं? आणि तो निर्दोष असेल तर चौकशीशिवाय शिक्षा झाली. सोमेश तिवारी प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेऐवजी केलेली बदली रद्द ठरवली. बदली झाली तरी चौकशी संपत नाही, फाइल माणसाच्या मागे जाते. ती गेली का, ते विचारत राहा.

याच भागातलं एक उदाहरण सांगतो. २०१० मध्ये कारवार वन विभागाच्या अधिकाऱ्याने बेलेकेरी बंदरावर बेकायदा लोहखनिज जप्त केलं. त्याच्या निलंबनाचा प्रश्न आला तेव्हा लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला. तो त्यांनी नंतर मागे घेतला आणि २०११ च्या जुलैमध्ये खाणींवरचा त्यांचा अहवाल आला. त्यातून मुख्यमंत्र्यांनाच पायउतार व्हावं लागलं. काम करणाऱ्या अधिकाऱ्यामागे वरचा माणूस असा उभा राहिला तर किती फरक पडतो, ते तेव्हा आम्ही खालच्या कचेऱ्यांतून पाहिलं. आमच्यासारख्यांना त्या दिवसांत फार आधार वाटला होता.

चौकशी तीन वर्षं पडून आहे. अधिकारी पुढच्या वर्षी रिटायर होणार.

उशीर हे दबावाचं सगळ्यात शांत रूप आहे. प्रेमनाथ बाली प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी शक्यतो ६ महिन्यांत, फार तर एका वर्षात संपवा असं सांगितलंय. निवृत्तीआधी सुरू झालेली चौकशी निवृत्तीनंतरही चालू राहते आणि पेन्शनमधून वसुली होऊ शकते. पण निवृत्तीनंतर नव्याने चौकशी काढायची असेल तर कर्नाटक सेवा नियमांतला २१४ वा नियम आडवा येतो. चार वर्षांपूर्वीच्या घटनेवर ती काढता येत नाही. म्हणून निवृत्तीची तारीख आधी शोधा आणि उलटी गणती करा. तुमच्या पत्रात ती तारीख ठळक लिहा. वाचणाऱ्या वरिष्ठाला कळतं की आता झोपून राहिलं तर जबाबदारी आपल्यावर येईल.

गावातले लोक घरी येऊन तक्रार मागे घे म्हणतात. घेतली तर?

विभागीय चौकशी ही सरकार आणि सरकारी नोकर यांच्यातली गोष्ट असते. एकदा दोषारोपपत्र निघालं की तुम्ही मागे घेतल्याने ती आपोआप थांबत नाही. लाचेच्या खटल्यातही नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी घटनापीठाने ठरवलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यावर गुन्हा शाबित होऊ शकतो. घरी आलेल्या लोकांना हे समजावून सांगा. ‘माझ्या हातात आता काही नाही’ असं म्हणणं तुमच्यासाठी खरं आणि सुरक्षित, दोन्ही आहे.

धमकी असेल तर पोलिसांत लेखी द्या. फौजदारी प्रकरणात साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. जिल्हा न्यायाधीशांची समिती त्यावर निर्णय देते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा म्हणून २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, पण तो संसदेत मंजूर होऊनही अंमलात आणलेला नाही. त्याच्या भरवशावर कुणी तुम्हाला पुढे करत असेल तर सावध व्हा. एकट्याने तक्रार करू नका, पाच जणांनी मिळून करा.

लाच मागताहेत. पैसे दिले तर मीपण गुन्हेगार का?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना कळवा, म्हणजे तुम्ही सुटता. त्यापेक्षा देण्याआधीच लोकायुक्त पोलिसांकडे जा. ते नोटांना पावडर लावून पंचांसमोर सापळा लावतात. हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. सापळ्यात जागेवर पकडलेल्या माणसासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १७-अ कलमाची, तपासाआधी घ्यायची, पूर्वपरवानगी लागत नाही. खटल्याला मंजुरी मात्र लागते आणि ती देण्यासाठी ३ महिने, फार तर आणखी १ महिना आहे. दबावाची खरी जागा ती मंजुरी. तिच्यावर लक्ष ठेवा.

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं असेल तर ते दुसरीकडे पाठवून मूळ पुसू नका. फोन तसाच जपा, न्यायालयात त्याच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

मीच कर्मचारी आहे. पुढाऱ्याचं ऐकलं नाही म्हणून माझ्यावर खोटी चौकशी लावलीय.

घाबरून त्याच पुढाऱ्याच्या विरोधकाकडे जाऊ नका. बाहेरचं वजन आणणं हाच सेवानियमांप्रमाणे गैरवर्तनाचा प्रकार आहे, आणि मग खोट्या आरोपाशेजारी एक खरा आरोप जमा होतो.

दोषारोपपत्र आलं की त्यासोबत कागदांची आणि साक्षीदारांची यादी आली का ते पाहा. कागदांच्या प्रती लेखी मागा. मुदतीत उत्तर द्या, एकेका आरोपाला वेगळं. मदतीला अनुभवी सहकारी घ्या, तो हक्क नियमांत आहे. चौकशीचा अहवाल तुम्हाला दिल्याशिवाय शिक्षा देता येत नाही, आणि बडतर्फी तर कलम ३११ मुळे चौकशीशिवाय, अपवाद सोडल्यास, होत नाही. ज्या आदेशाला तुम्ही नकार दिलात तो तोंडी होता ना? त्या दिवशीचं टिपण असेल तर काढा. नसेल तर आठवतंय तोवर आज लिहा, आजचीच तारीख घालून.

दाद मागायला राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ बेळगावातच आहे. त्यापुढे धारवाडचं उच्च न्यायालयाचं पीठ. २००८ पासून ते जवळ आलं, त्याआधी आम्हाला रात्रीच्या गाडीने बेंगळूर गाठावं लागायचं. हेस्कॉम (वीज कंपनी) किंवा परिवहन महामंडळाचे कर्मचारी असाल तर तुमची वाट वेगळी आहे, वकिलाला आधी विचारा.

माहिती अधिकारात चौकशीचे कागद मिळतात का?

चौकशी चालू असताना सगळे नाहीत. अधिकाऱ्याचे मेमो, सेवापुस्तक हे व्यक्तिगत आहे असा देशपांडे प्रकरणातला २०१२ चा निकाल समोर करतात. म्हणून प्रश्न बदला. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, टिपणी पानाची प्रत द्या’ असं मागा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा.

महाराष्ट्राच्या मंत्र्यांना निवेदन दिलं तर ते इथल्या अधिकाऱ्यावर कारवाई करू शकतात का?

नाही करू शकत. कर्नाटकच्या नोकराला शिस्त लावायचा अधिकार कर्नाटक सरकारचाच. सीमाप्रश्नाबद्दल आपल्या भावना काहीही असोत, २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो स्वतंत्र विषय आहे. तुमची पोडी त्यात अडकवू नका. जमीन चंदगड किंवा कागलच्या हद्दीत असेल आणि तिथला तलाठी त्रास देत असेल तर मात्र महाराष्ट्राचे लोकायुक्त आणि तिथली एसीबी. त्यांचा फोन १०६४.

पोलिसांविरुद्ध तक्रार असेल तर?

जिल्ह्यात एसपी, बेळगाव शहरात पोलीस आयुक्त. तिथे दाद लागली नाही तर बेंगळूरला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह प्रकरणातल्या २००६ च्या आदेशामुळे ते आलं.

साक्षीला हजर राहण्याचं पत्र आलंय. मला कन्नड येत नाही. भीती वाटते.

जा. मराठीत बोला. सुरुवातीलाच सांगा की मला कन्नड वाचता येत नाही, आणि हे वाक्य रोजनाम्यात लिहून घ्यायला सांगा. जबाब कन्नडमध्ये उतरवला तर तो मराठीत समजावून देईपर्यंत सही करू नका. समजला की सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा : ‘वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.’ एखादं वाक्य तुम्ही बोललाच नसाल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, दुरुस्तीजवळ छोटी सही करा. जे पाहिलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या, मजुरी बुडाल्याचा हिशेब त्यावर होतो.